मास्टर्स सायकल रेसमध्ये पहिल्यांदा उतरताय? आधी झटके मोजायला शिका

पस्तिशी-चाळिशी ओलांडून रेसिंगमध्ये येणाऱ्या माणसाकडे दम बहुतेक वेळा असतोच. शंभर किलोमीटर तो आरामात मारतो, चढावर एका लयीत अर्धा तास बसून राहतो, आणि तरी पहिल्याच रेसमध्ये विसाव्या मिनिटाला बंचच्या, म्हणजे रायडरांच्या मुख्य घोळक्याच्या, मागे सुटतो आणि घरी येऊन म्हणतो आपलं ट्रेनिंग कमी पडलं. माझं मत विचाराल तर ट्रेनिंग क्वचितच कमी पडलेलं असतं, खर्च मात्र नको तिथे झालेला असतो.

वय वाढतं तसं कमाल हृदयगती खाली येते, वेगवान आकुंचन पावणारे स्नायूतंतू कमी होतात, आणि एक जोरदार झटका मारल्यावर पुढच्या झटक्यासाठी तयार व्हायला जास्त वेळ लागतो. एका लयीत रेटायची ताकद त्या मानाने बरीच टिकते. म्हणजे मास्टर्स रेसमध्ये किलोमीटर सगळ्यांनाच झेपतात, फरक पडतो तो झटक्यांमध्ये. झटका म्हणजे सीटवरून उठून दहा-पंधरा सेकंद जीव खाऊन मारलेलं पायडल. तुमच्याकडे असे किती आहेत आणि ते कुठे कुठे गेले एवढा एकच हिशोब डोक्यात ठेवून रेस करायची, खालचं सगळं त्या हिशोबातूनच येतं.

१. रेसच्या आधी: शेवटचं वळण आणि वारा

मास्टर्स गट बहुतेक ठिकाणी ३० किंवा ३५ पासून सुरू होतात आणि पुढे पाच किंवा दहा वर्षांचे टप्पे असतात, पण रायडर कमी असले की आयोजक दोन-तीन गट एकत्र सोडतात आणि निकाल वेगळे लावतात. हे आधी विचारून घ्या. तुम्ही ५० प्लस मध्ये असाल आणि पुढे सुटलेले तिघेही ४० प्लस चे असतील तर त्यांच्यामागे जिवाच्या आकांताने जायची तुम्हाला काहीच गरज नाही, तुमची रेस मागे बंचमध्येच चालू आहे. नंबरचा रंग वेगळा असतो किंवा आकड्यांची मालिका वेगळी असते, स्टार्टलाच बघून ठेवा की आपल्या गटातले कोण. दुसऱ्या गटातल्या रायडरच्या मागे बसायला किंवा त्याला मदत करायला काही रेसमध्ये बंदी असते, तो नियमही वाचा.

कोर्स आधी सायकलवरून एकदा फिरून बघा, निदान शेवटचे दोन किलोमीटर तरी. तीन गोष्टी बघायच्या. शेवटच्या वळणापासून फिनिश लाइन किती लांब आहे, शेवटच्या सरळ रस्त्यावर वारा समोरून आहे की मागून की बाजूने, आणि रस्ता कुठे अरुंद होतो. शेवटचं वळण लाइनपासून दीडशे मीटरवर असेल तर ती रेस जवळपास वळणाच्या आधीच लागलेली असते, पहिल्या तीनात वळलात तर ठीक नाहीतर विसरा. तेच वळण आठशे मीटरवर असेल तर सगळं गणित बदललं.

वॉर्मअप नीट करा. मास्टर्स रेस सुरुवातीला हमखास जोरात जाते आणि थंड पायांनी तो पहिला वेग पकडायला गेलात तर दहा मिनिटांत पाय भरून येतात. वीस-पंचवीस मिनिटं हळूहळू वाढवत नेऊन मध्ये दोन-तीन वेळा मिनिटभर चांगला जोर लावा, मग स्टार्टपर्यंत हलके पाय फिरवत राहा. तरुणपणी पाच मिनिटांत भागत असेल, आता नाही भागत.

२. बंचमध्ये जागा

ड्राफ्टिंग म्हणजे काय हे माहीत असतं सगळ्यांना पण किती फायदा आहे हे आकड्यात बघा. वेग, अंतर आणि बंच यावर अवलंबून पुढच्या चाकामागे बसल्याने साधारण २५ ते ४० टक्के पॉवर वाचते. आणि हवेचा विरोध मोडायला लागणारी पॉवर वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे ४० च्या स्पीडवरून ४४ वर जायचं तर वेग फक्त दहा टक्के वाढतो पण हवेसाठी लागणारी पॉवर ३३ टक्के वाढते. म्हणून पुढे तोंडावर वारा घेत पाच मिनिटं ओढणारा माणूस आणि त्याच्यामागे बसलेला माणूस एकाच वेगाने जात असले तरी त्यांच्या दोन वेगवेगळ्या रेस चाललेल्या असतात.

नवीन माणूस एकतर एकदम पुढे जाऊन ओढत बसतो कारण पाय ताजे असतात आणि बरं वाटतं, किंवा भीतीने एकदम मागे जातो. मागची जागा आरामाची वाटते पण तीच सगळ्यात महाग. क्रिटचा, म्हणजे छोट्या बंद सर्किटवर फेऱ्या मारायच्या रेसचा, हिशोब करा: एक किलोमीटरचा लॅप, चार वळणं, ४० मिनिटांची रेस, ४० चा वेग. साधारण २६-२७ लॅप झाले, म्हणजे शंभराहून जास्त वळणं. पुढचे दहा-पंधरा जण वळणात वेग फारसा न सोडता जातात. मागच्यांना मात्र प्रत्येक वळणाआधी ब्रेक मारावा लागतो कारण पुढे गर्दी तुंबते, आणि वळणातून बाहेर आल्यावर पुढचे आधीच वेगात असतात म्हणून उठून झटका मारावा लागतो. शंभर वळणं, शंभर झटके. तोच वेग, तेच अंतर, आणि मागे बसलेला माणूस तोंडाला फेस येऊन सुटतो.

तर जागा पाहिजे पाचव्या ते पंधराव्याच्या आसपास. ती एकदा मिळाली की कायमची मिळत नाही, बंच सतत दोन्ही बाजूंनी पुढे सरकत असतो आणि तुम्ही काही केलं नाही तर दोन मिनिटांत आपोआप तिसावे होता. पुढे सरकायची वेळ निवडा. बंचचा वेग कमी झाला, सगळे पाणी प्यायला लागले, किंवा कोणी बाजूने वर चाललाय तर त्याचं व्हील पकडा, म्हणजे त्याच्या मागच्या चाकामागे चिकटून बसा, आणि फुकटात वर या. बंच एका रांगेत ताणला गेलेला असताना बाजूने वाऱ्यात चढायचा प्रयत्न करू नका, त्यात अर्धा झटका जातो आणि मिळतात दोन जागा.

वळणात घ्यायची काळजी: वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात ब्रेक नको, बाहेरचा पाय खाली आणि त्यावर वजन, हात ड्रॉप्सवर (हँडलच्या खाली वळलेल्या भागावर), नजर वळण जिथे संपतं तिथे. आपली लाइन सोडू नका. पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक समांतर जाऊ देऊ नका, तो जरा बाजूला आला की पडता तुम्ही, तो नाही. आणि वळणातून बाहेर पडताना जर पुढच्याने पाच मीटरचा गॅप सोडला तर तो लगेच भरा. ४० च्या वेगाला पाच मीटर म्हणजे अर्ध्या सेकंदापेक्षा कमी, पण त्या पाच मीटरमध्ये आडोसा बराच कमी होतो, आणि पाचाचे दहा व्हायला एक वळण पुरतं. तो गॅप पहिल्या क्षणी भरला तर दोन जोरदार पायडल, उशिरा भरला तर पूर्ण झटका.

३. बाजूचा वारा

मोकळ्या रस्त्यावर बाजूने वारा लागला की आडोसा सरळ मागे मिळत नाही, तिरकस मागे मिळतो. वारा डावीकडून असेल तर पुढच्याच्या जरा उजवीकडे मागे बसायचं. असं करत करत तिरकी रांग रस्त्याच्या कडेपर्यंत पोचते आणि मग जागा संपते, उरलेले सगळे कडेला एका ओळीत वाऱ्यात कुजतात. त्या ओळीत अडकलात तर कितीही दम असो, टिकणार नाही. दोनच मार्ग आहेत, एक तर वाऱ्याचं वळण यायच्या आधीच पहिल्या दहात या, नाहीतर मागे तुमच्यासोबत जे अडकलेत त्यांना हाका मारून दुसरी तिरकी रांग लावा. दुसरा मार्ग लोक करतच नाहीत, ओळीत मुकाट्याने मरतात, का ते मला कधी कळलं नाही. ओरडा, हात दाखवा, नवीन असलात तरी ऐकतात लोक कारण सगळ्यांनाच ते हवं असतं.

४. अटॅक ओळखणं, आणि कोणाच्या मागे जायचं

हा सगळ्यात रंगतदार भाग आणि इथेच नवीन माणसाचे सगळे झटके संपतात, कारण प्रत्येक अटॅकमागे, म्हणजे बंचमधून अचानक पुढे सुटणाऱ्या माणसामागे, तोच धावतो. पहिल्या पंधरा मिनिटांतले बहुतेक अटॅक परत येतात. सगळ्यांचे पाय ताजे असतात, सगळे पाठलाग करतात. तेव्हा बसून राहा.

अटॅक यायच्या आधी दिसतो, बघायची सवय लावली तर. जो जाणार असतो तो आधी बंचमध्ये सहा-सात जागा मागे सरकतो म्हणजे मागून वेग घेऊन सुटता येईल. हात हूड्सवरून (ब्रेकच्या मुठींवरून) खाली ड्रॉप्सवर जातात. बाटलीतून एक घोट, मग एकदा मागे नजर, मग गिअर बदलल्याचा खट्ट आवाज, कधी कधी दोनदा. त्या आवाजानंतर एखाद-दोन सेकंदांत तो बाजूने निघतो, आणि तोपर्यंत तुमचा गिअर तयार असेल तर त्याच्या व्हीलवर बसायला अर्धा झटकाही लागत नाही. तोच माणूस वीस मीटर गेल्यावर तुम्ही उठलात तर मग नाकी नऊ येतात.

जायचं कोणाच्या मागे? अमॅच्युअर मास्टर्समध्ये तेच तेच रायडर वर्षानुवर्षं भेटतात, ही मोठी सोय आहे. दोन-तीन रेसमध्ये लक्षात येतं की कोण शेवटी नेहमी पुढे असतो, कोण उगाच पहिल्या लॅपला सुटतो, कोण ब्रेकमध्ये (पुढे सुटलेल्या छोट्या गटात) काम करतो आणि कोण आयत्या बिळावर नागोबा होऊन बसतो. क्लबची जर्सी बघा. एका क्लबचे चार जण असतील आणि त्यातला एक सुटला तर उरलेले तिघे पाठलाग करणार नाहीत, उलट पुढे येऊन वेग मंद ठेवतील. म्हणजे ज्या ब्रेकमध्ये मोठ्या क्लबांचे एक-एक रायडर आहेत तो ब्रेक टिकायची शक्यता जास्त, मागे ओढायला कोणी उरतच नाही. असा ब्रेक जाताना दिसला की झटका तिथे खर्च करा. त्यासाठीच तो राखून ठेवला होता.

आणि पुढे किती जण आहेत ते मोजा, दर काही मिनिटांनी. टोकियो ऑलिंपिकची, २०२१ मधली महिलांची रोड रेस आठवा. ऑस्ट्रियाची आना कीझेनहोफर सुरुवातीलाच निघालेल्या ब्रेकमध्ये गेली आणि पुढे एकटी सुटली. ऑलिंपिकमध्ये कानात रेडिओ नसतो, मागच्या गटाने ब्रेकमधले बाकीचे पकडले आणि बऱ्याच जणींना वाटलं सगळे पकडले गेले. नेदरलँड्सच्या आनेमीक फान फ्लूटेनने लाइनवर हात उंचावले ते सोन्यासाठी, आणि तेव्हा कीझेनहोफर सव्वा मिनिट आधी पोचलेली होती. जगातल्या सर्वोत्तम रायडर्सचा हिशोब तिथे चुकला, आपल्या रेसमध्ये तर ना रेडिओ ना अंतर दाखवणारा फळा. कोणी सुटलं की नंबर लक्षात ठेवा, पकडलं की वजा करा.

५. ब्रेकमध्ये गेलात तर

तीन-चार जणांचा ब्रेक बंचला हरवू शकतो पण फक्त सगळे मिळून फिरले तर. पुढे जाऊन ओढायची पाळी छोटी ठेवा, वीस-तीस सेकंद, आणि तुमच्या पाळीत वेग वाढवू नका. नवीन माणूस पुढे आला की उत्साहात वेग दोनने वाढवतो, मागचा आत्ताच पाळी संपवून मागे गेलेला असतो, त्याला व्हील पकडायला उगाच झटका मारावा लागतो, आणि दोन फेऱ्यांत ब्रेकचा विचका होतो. आहे तोच वेग धरायचा, पाळी संपली की बाजूला होऊन जरा सैल सोडायचं, शेवटचा माणूस जाताना बघून त्याच्यामागे बसायचं. दमलात तर पाळी दहा सेकंदांची करा पण फिरत राहा. एकदा पाळी चुकवली की बाकीचे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागतात आणि तिथेच ब्रेक संपतो.

तुमचा क्लबवाला पुढे असेल आणि तुम्ही पाठलाग करणाऱ्या गटात असाल तर मात्र ओढायचं नाही, मागे बसून राहायचं. लोक बडबडतील, बडबडू दे. ते रेसिंगच आहे.

६. चढ

चढ दोन-तीन मिनिटांचा असेल तर चढाच्या पायथ्याला पुढे या आणि चढताना आपल्या वेगाने जात हळूहळू मागे सरकत जा. पहिल्या पाचात सुरू केलं आणि माथ्यावर पंचविसावे असलात तरी बंचमध्येच आहात, तेही झटका न मारता. ज्यांचं वजन जास्त आहे त्यांच्यासाठी यासारखी युक्ती नाही. धोका माथ्यावर असतो, चढावर सगळे धापा टाकतात आणि माथा आला की नवखे पायडल सोडतात, नेमकं तेव्हाच अनुभवी लोक वेग वाढवतात. माथ्यानंतरची तीस सेकंद जोर लावायची ठेवा.

खाण्याचं थोडक्यात. तासाभराच्या आतली क्रिट असेल तर आधी नीट जेवलेले असलात की पुरे, बरोबर पाणी ठेवा. दोन-तीन तासांची रोड रेस असेल तर तासाला ६० ग्रॅमच्या आसपास कार्बोहायड्रेट, पहिल्या अर्ध्या तासातच सुरू करा, भूक लागायची वाट बघू नका. ट्रेनिंगमध्ये जे खाल्लंय तेच रेसमध्ये खा.

७. शेवटचे पाच किलोमीटर

आता हिशोब मांडा, किती झटके उरलेत. प्रामाणिकपणे. दोन उरले असतील तर एक जागेसाठी आणि एक लाइनसाठी.

स्प्रिंट करणार असाल तर: पूर्ण ताकदीचा स्प्रिंट दहा-पंधरा सेकंद टिकतो, त्यानंतर वेग पडतोच. ६० च्या वेगाला २०० मीटर म्हणजे १२ सेकंद. म्हणजे २०० मीटरच्या आधी उघडून फायदा नाही. वारा समोरून असेल तर अजून उशिरा, दीडशेला, कारण मागे बसणाऱ्याला फायदा जास्त. वारा मागून असेल तर अडीचशेलाही चालतं. गिअर आधीच जड करून ठेवू नका, थोडा हलका ठेवून कॅडन्सने (पायडल फिरवायच्या गतीने) वेग घ्या आणि वाढतोय तसा बदला. शेवटच्या किलोमीटरला तिसऱ्या-चौथ्या जागेवर असणं चांगलं, पहिल्या जागेवर असणं वाईट. आणि व्हील निवडायचं ते त्याचं जो सरळ जातो. जोरात पण वाकडा जाणाऱ्याच्या मागे कधीच नको, सगळ्यांना दुसऱ्या दिवशी कामावर जायचंय.

स्प्रिंट नसेल, आणि आपल्या वयात बऱ्याच जणांचा नसतो, तर शेवटपर्यंत थांबून आठवं येण्यात काय अर्थ आहे? उशिरा अटॅक करा. शेवटचा एक किलोमीटर ५० च्या वेगाने ७२ सेकंद आहे, एका लयीत रेटणाऱ्या माणसाला तेवढं झेपतं. १९८५ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये नेदरलँड्सच्या यूप झूटेमेल्कने हेच केलं. वय ३८, गटात त्याच्याहून वेगवान स्प्रिंट असलेले लोक. तो शेवटाजवळ एकटा सुटला, मागे कोणी आधी ओढायचं यावर सगळे अडले, आणि तो जिंकला, ग्रेग लेमाँड दुसरा, मोरेनो अर्जेंटिन तिसरा. २०२२ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये, ऑस्ट्रेलियातल्या वुलनगाँगमध्ये, फान फ्लूटेननेही तेच केलं, ३९ व्या वर्षी आणि कोपराचं हाड मोडलेलं असताना. मागचा गट पुढच्यांना येऊन मिळाला, सगळ्या स्प्रिंटची जागा शोधू लागल्या, आणि ती मागून वेगात येऊन थांबलीच नाही.

दोघांच्याही गोष्टीत वेळ बघा. पाठलाग नुकताच संपलाय, सगळ्यांना वाटतंय आता जरा श्वास घेऊ, तो क्षण. तेव्हा मागून, रस्त्याच्या मोकळ्या बाजूने, एकदाच आणि पूर्ण जोराने निघायचं, पहिले पंधरा सेकंद मागे बघायचं नाही. अर्धवट जोराने निघालात तर तुमच्या मागे सगळा बंच फुकटात बसून लाइनपर्यंत येतो.

८. रेस झाल्यावर

घरी आल्यावर पॉवरमीटर किंवा हार्टरेटचा ग्राफ उघडा, तो नसेल तर आठवून कागदावर लिहा: किती वेळा जीव खाऊन उठलो आणि प्रत्येक वेळी का. वळणातून बाहेर पडताना मागे होतो म्हणून, भलत्याच अटॅकमागे गेलो म्हणून, की खरंच गरज होती म्हणून. पहिल्या दोन-तीन रेसमध्ये निकाल बघूच नका, फक्त ही यादी बघा. एका रेसला एकच गोष्ट ठरवा, जसं की या वेळी पहिल्या पंधरात राहायचं, बाकी काही नाही. पुढच्या वेळी कोणाच्याही अटॅकमागे पहिली वीस मिनिटं जायचं नाही. ग्रुप राइडमध्ये दोन-चार मित्रांना घेऊन पाळ्या फिरायचा सराव करा, आणि एक खांब ठरवून त्याच्या दीडशे, दोनशे, अडीचशे मीटर आधी स्प्रिंट उघडून बघा की आपला वेग नेमका कुठे पडतो. ते अंतर ज्याचं त्याचं वेगळं असतं, आणि रेसच्या दिवशी ते माहीत असलेलं बरं.